लेबलावर नसतं ते

इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी बदलायला आलेला माणूस आधी भाव विचारतो, मग किती किलोमीटर चालेल ते विचारतो. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांची उत्तरं डब्यावर चिकटवलेल्या लेबलावरून देता येत नाहीत, आणि बाजारात ती बहुतेक वेळा तिथूनच दिली जातात. हैदराबादेत काचीगुड्याच्या बाजूला माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गेली कैक वर्षं माझा बराचसा दिवस या दोन प्रश्नांना नीट उत्तर देण्यात आणि गिऱ्हाइकानं न विचारलेले चार प्रश्न त्याला उलटे विचारण्यात जातो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

मी मुळात इन्व्हर्टर-यूपीएसवाला. आमचं कुटुंब नांदेडकडचं. नांदेड निजामाच्या राज्यात होतं तेव्हा आजोबा नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दुकानात दखनी आणि गिऱ्हाईक बघून तेलुगू, असा माझा दिवस असतो. पहिल्यावहिल्या इलेक्ट्रिक सायकली माझ्याकडे आल्या त्या यूपीएसच्याच ओळखीनं, कारण त्यांच्यातही लेड-ॲसिडच्या बारा-बारा व्होल्टच्या तीन बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या असत. तीन काढायच्या, तीन बसवायच्या, जुन्यांना भंगारात वजनावर जो भाव मिळेल तो बिलातून वजा करायचा. सात-आठ किलोचं ओझं आणि दीड-दोन वर्षांचं आयुष्य. पण कोणाला काही समजावून सांगावं लागत नसे. लिथियम आलं तेव्हा वजन उतरलं, आयुष्य वाढलं आणि डबा बंद झाला. आत कोणते सेल आहेत, किती आहेत, नवे की वापरलेले, हे बाहेरून कळेनासं झालं. माझ्या धंद्यातला खरा बदल तो.

बॅटरी कोणती घ्यावी, या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. बॅटरी खरंच गेली आहे का? एकदा जेवणाची पार्सलं पोचवणारा एक पोरगा सायकल ढकलत आला. "भाई, बैटरी बैठ गई, नई डालना पड़ता क्या?" दुसऱ्या एका दुकानात त्याला नव्या बॅटरीचा भावही सांगून झाला होता. मी मल्टिमीटर लावला तर बॅटरी ठणठणीत. ब्रेकच्या मुठीत एक छोटा स्विच असतो. ब्रेक दाबला की तो मोटरचा पुरवठा तोडतो. पावसानं आणि धुळीनं तो अडकून बसला होता, म्हणजे सायकलच्या लेखी ब्रेक सतत दाबलेलाच होता. वायरचा जोड सोडवला आणि चाक फिरलं. नवा स्विच काही रुपयांचा. असंच चार्जिंगच्या जॅकचं. रोज घाईत पिन खुपसून आतली पत्ती ढिली होते, चार्जरचा दिवा हिरवाच राहतो आणि माणूस समजतो बॅटरी फुल आहे. कधी चार्जरच मेलेला असतो, कधी फ्यूज उडालेला. म्हणून माझा नेम असा की आधी चार्जर मोजायचा, मग जोड बघायचे, मग ब्रेकचे स्विच, आणि बॅटरीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. यात नवी बॅटरी विकली जात नाही हे खरं, पण त्या पोरानं नंतर आपल्या जोडीदारांची रांग माझ्याकडे लावली.

बॅटरी खरंच थकली असेल तर ती नुसत्या व्होल्टेजवरून कळत नाही. छत्तीस व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियम सेलचे दहा गट एकामागे एक जोडलेले असतात. एकेक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे पॅक ४२ व्होल्ट. थकलेला पॅकसुद्धा चार्जरवरून काढल्या काढल्या ४१ च्या पुढे दाखवतो. खरी परीक्षा लोड टाकल्यावर होते. मी चाक उचलून धरत नाही, रिकामं फिरणारं चाक काहीच सांगत नाही. सायकलवर बसून दुकानासमोरच्या चढावर एक फेरी मारतो आणि हँडलला बांधलेल्या मीटरकडे बघतो. आकडा दोन-अडीच व्होल्ट उतरला तर ठीक. एकदम आठ-दहा व्होल्ट कोसळून सायकल बंद पडली आणि थांबल्यावर आकडा पुन्हा वर चढला, तर आत एखादा गट आजारी आहे. पंगतीत एकाचं ताट रिकामं झालं म्हणून सगळी पंगतच उठावी, तसं इथे होतं. नऊ गटांत माल शिल्लक असला तरी दहावा रिकामा झाला की आतला बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारा सर्किट-बोर्ड, सगळाच पुरवठा तोडतो.

यावर गिऱ्हाइकाचा हमखास प्रश्न असतो: मग तेवढाच गट बदला ना. नव्या पॅकमध्ये एखादा सेल खराब निघाला असेल तर तसं करता येतं. पण तीनेक उन्हाळे बघितलेल्या पॅकमध्ये नवा गट घातला तर तो सशक्त, बाकीचे नऊ दमलेले. थोड्याच महिन्यांत दुसरा गट बसतो, मग तिसरा. मजुरी तेवढीच जाते आणि दरवेळी पॅक उघडल्यानं वेल्डिंगचे जोड कच्चे होत जातात. जुन्या पॅकला मी हात लावत नाही, सरळ सगळा बदला म्हणतो.

आता निवड. जुळवायच्या गोष्टींपैकी व्होल्टेजला पर्याय नाही. तरुण मुलांना मात्र तिथेच गंमत करायची असते. एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी छत्तीसच्या जागी अठ्ठेचाळीस व्होल्टची बॅटरी घेऊन आला, नुसती जोडून द्या म्हणाला, सायकल पळाली पाहिजे. अठ्ठेचाळीसचा पॅक पूर्ण भरला की ५४.६ व्होल्ट देतो. त्याच्या सायकलच्या मोटरला पुरवठा करणाऱ्या कंट्रोलरमधले कपॅसिटर पन्नास व्होल्टचे होते, कव्हर उघडून मी त्याला त्यांच्यावर छापलेला आकडाच दाखवला. मी नाही म्हटल्यावर त्यानं दुसरीकडून जोडून घेतली आणि आठवड्याभरात जळका कंट्रोलर घेऊन तो परत आला. त्याला आणखी एक गोष्ट सांगावी लागली. आपल्याकडे मोटर पाव किलोवॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ती सायकल कायद्यानं मोटार वाहन ठरत नाही. नंबर प्लेट नको, लायसन्स नको, विमा नको. ती मर्यादा ओलांडली की ती विनानोंदणीची मोटरसायकल होते आणि अपघात झाला तर उत्तर द्यायला त्याचे वडील उभे राहणार.

व्होल्टेजनंतर माप. पूर्वी बॅटरी कॅरिअरखाली असायची, कुठलीही बसत असे. आता ती फ्रेमच्या नळीत किंवा नळीवरच्या रुळावर कुलपासकट बसते, आणि दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी कुलूप लागत नाही. काही महागड्या सायकलींत दोन जाड तारांशेजारी एखादी बारीक तार असते; तिच्यावरून बॅटरी कंट्रोलरशी बोलते. त्या सायकली परकी बॅटरी घेतच नाहीत. तिथे मी सरळ सांगतो की कंपनीकडेच जा, महाग पडली तरी. मूळ कंपनीची नवी बॅटरी सायकलच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जाते, हे ऐकून माणूस नाराज होतो. त्यात कराचा भागही आहे. पुरी सायकल घेतली तर जीएसटी पाच टक्के, सुटी लिथियम बॅटरी घेतली तर अठरा. पण मॉडेल अजून चालू असेल आणि वॉरंटी लेखी मिळत असेल तर पहिली पसंती कंपनीच्याच बॅटरीला. पंचाईत होते ती मॉडेल बंद झाल्यावर. कॉल सेंटर म्हणतं माल नाही, आणि सायकल तर उत्तम स्थितीत असते. अशी माणसं माझ्याकडे येतात.

लेबलावरच्या आकड्याचा हिशेब मला एका गिऱ्हाइकाच्या निमित्तानं दुकानात कायमचा मांडून ठेवावा लागला. हे गृहस्थ छत्तीस व्होल्ट वीस एएच (अँपिअर-अवर) असं ठळक छापलेला पॅक घेऊन आले. स्वस्तात मिळाला होता आणि महिन्याभरात पंधरा किलोमीटरलाच दम टाकत होता. मी पॅक उघडायच्या आधी वजनकाट्यावर ठेवला. डब्यासकट दोन किलोच्या जरा वर. मग पाटीवर हिशेब लिहिला. आत १८६५० म्हणतात ते सेल असतात. १८ मिलिमीटर जाडीचे, ६५ मिलिमीटर उंचीचे. चांगल्या कंपनीचा असा एक सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो आणि बाजारातला सगळ्यात भारी सेलसुद्धा साडेतीन एएचच्या आसपासच देतो. वीस एएचसाठी असे सहा सेल शेजारी-शेजारी आणि असे दहा गट, म्हणजे साठ सेल. नुसत्या सेलचंच वजन पावणेतीन किलोच्या पुढे जायला हवं. साधे अडीच एएचचे सेल असतील तर ऐंशी लागतील, साडेतीन किलोहून जास्त. इथे तर डबा, बीएमएस, तारा सगळं धरून दोन किलो होतं. ते म्हणाले, "म्हणजे उघडायची गरजच नाही?"

तरी त्यांच्या समाधानासाठी उघडला. निळं प्लास्टिकचं वेष्टण कापल्यावर खाली तीस सेल निघाले. सगळ्यांवर एकाच रंगाची नवी कोरी साल चढवलेली, पण एकाची साल नखानं सोलली तर आत निकेलच्या जुन्या पट्टीचे उपटलेले ठिपके दिसले. म्हणजे कुठल्या तरी लॅपटॉपच्या किंवा जुन्या पॅकच्या पोटातून काढलेले सेल. आतला रोध मोजणाऱ्या मीटरवर एक सेल तीस मिलिओह्म, शेजारचा सत्तर, त्याच्या पलीकडचा शंभराच्या वर. सेल आणि पट्टी यांच्यात घालायचा बार्ली पेपर कुठेच नव्हता, प्लस-मायनसमध्ये फक्त त्या पातळ सालीचंच अंतर. निकेलची म्हणून लावलेली पट्टी लोखंडी होती, वर नुसता मुलामा. ग्राइंडरवर घासली तर ठिणग्या उडाल्या. शुद्ध निकेल सहसा ठिणगी देत नाही. त्या दिवसापासून वजनकाटा काउंटरवर असतो आणि पाटीवरचा हिशेब मी पुसत नाही. बॅटरी ऑनलाइन मागवणाऱ्यांनाही मी एवढंच सांगतो की वजन विचारून घ्या. ज्या १८६५० सेलवर ९९०० एमएएच, म्हणजे ९.९ एएच, असं छापलेलं असतं, तो सेल कुठल्याही कारखान्यात बनत नाही. फक्त छापखान्यात बनतो.

यानंतर माझा आवडता भाग, म्हणजे बॅटरी घेणाऱ्याचा दिवस विचारणं. एएचमध्ये हिशेब करू नका, वॉट-अवरमध्ये करा, असं मी सांगतो. छत्तीस व्होल्ट गुणिले ७.८ एएच, म्हणजे २८० वॉट-अवर. पेडल मारत मोटरची नुसती साथ घेतली तर किलोमीटरला आठ-दहा वॉट-अवर जातात, नुसत्या थ्रॉटलवर बसून राहिलं तर बारा ते पंधरा. तीच बॅटरी एकाला तीस किलोमीटर देते आणि दुसऱ्याला वीसही देत नाही. दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत असतात. त्यात हैदराबाद पठारावरचं, खडकांमधलं गाव. बंजारा हिल्स, जुबिली हिल्स ही नुसती नावं नाहीत, टेकड्या आहेत. वर जागोजागी फ्लायओव्हर. चढावर कंट्रोलर पंधरा अँपिअरपर्यंत ओढतो. शेजारी-शेजारी दोनच सेल असतील तर एकेकाला साडेसात अँपिअर द्यावे लागतात. तीन असतील तर पाच. साध्या सेलला साडेसात झेपत नाहीत, ते तापतात आणि लवकर म्हातारे होतात. म्हणून चढ चढणाऱ्याला मी सांगतो, किलोमीटरसाठी नसली तरी सेलच्या आरोग्यासाठी एक रांग जास्तीची घे.

आउटर रिंग रोडलगत १ ऑक्टोबर २०२३ ला सौरछताचा २३ किलोमीटरचा सायकल ट्रॅक सुरू झाला. तिकडे रविवारी जाणारे सॉफ्टवेअरवाले येतात, त्यांना मोठ्यात मोठी बॅटरी हवी असते. ट्रॅक सपाट, पेडल मारायला मोकळा, वरून सावली. तिथे मधल्या मापाची बॅटरी भरपूर होते, हे मी सांगतो. ते ऐकून घेतात आणि मोठीच घेतात. ती त्यांची हौस, त्यात नुकसान काही नाही.

पण सगळ्यांच्या बाबतीत तसं नाही. कोठीजवळच्या एका मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. त्यांची सायकल कोरोनाच्या काळात जिन्याखाली पडून राहिली होती. पॅक मोजला तर उरलेसुरले सहा-सात व्होल्ट. चार्जरवर तो जागाच होईना. अशा पॅकला बीएमएसला वळसा घालून थेट करंट देत 'उठवणारे' कारागीर आहेत, आणि तो उठतोही. पण सेल इतका खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्या ठिकाणी जमतं. असा सेल पुढे कधी आतल्या आत शॉर्ट होईल ते सांगता येत नाही. मी तो उठवला नाही. बाई म्हणाल्या, "मग चांगली मोठी बॅटरी घाला बाई एकदाची, परत कटकट नको." मी त्यांना दिवस विचारला. सकाळी भाजी, अधूनमधून बँक, संध्याकाळी मराठी साहित्य परिषदेत एखादा कार्यक्रम. सगळं मिळून सहा-सात किलोमीटर, आणि राहायला दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मोठी बॅटरी रोज जिन्यानं वर न्यायची, आणि ती आठवडेच्या आठवडे भरलेलीच राहणार. लिथियमला सगळ्यात जास्त म्हातारपण येतं ते भरलेल्या पोटी उन्हाळ्यात बसून राहिल्यानं. त्यांना मी जुन्याच मापाची छोटी दिली.

बिल करताना त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "अहो, एवढं सगळं बोलताय, तर ते बिलावरच लिहून द्या ना. मी विसरेन, तुम्ही पण विसराल." तोवर माझ्या बिलावर 'बॅटरी एक नग' एवढंच असायचं, सगळ्यांच्याच असतं. त्यांच्या बिलावर मी सेलची कंपनी आणि मॉडेल लिहिलं, किती सेल ते लिहिलं, पॅक बांधल्याचा महिना लिहिला, मोजून आलेली क्षमता लिहिली आणि कुठल्या परिस्थितीत बदलून देईन तेही. लिहिताना हात जरा जड झाला, कारण प्रत्येक ओळीनिशी मी बांधला जात होतो. शिक्षकांची सवय, त्यांनी ते मोठ्यानं वाचून घेतलं आणि मग पैसे मोजले.

पार्सलवाल्या पोरांचं गणित अगदी उलटं. दिवसभर थ्रॉटल, दुपारच्या उन्हात डांबरावर उभी सायकल, दिवसातून दोनदा चार्जिंग. साध्या लिथियम पॅकचे पाचशे ते आठशे फेरे धरले तर दिवसाला दोन फेऱ्यांनी ते वर्षभरात संपतात. यांना मी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट सुचवतो. ते जड असतं, जागा जास्त खातं, फ्रेमच्या नळीत मावत नाही, कॅरिअरवर डबा करावा लागतो. पण उन्हाला ते जास्त सोसतं, चटकन पेट घेत नाही आणि दोन हजारांच्या आसपास फेरे देतं. फक्त दोन गोष्टी बजावून सांगाव्या लागतात. एक, बॅटरी किती उरली ते दाखवणारे हँडलवरचे चार दिवे यात नीट सांगत नाहीत. व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग अचानक संपतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एलएफपीच्या बारा गटांच्या पॅकचा चार्जर ४३.८ व्होल्टचा असतो, साध्या पॅकचा ४२ चा. दोघांच्या पिना सारख्याच. एकाच खोलीत राहणारी चार पोरं एकमेकांचे चार्जर लावतात. ४३.८ चा चार्जर साध्या पॅकला लागला तर एकेका सेलवर ४.३८ व्होल्ट जातात आणि मग अपघात आणि आपण यांच्यामध्ये फक्त तो बीएमएस उभा असतो. म्हणून एलएफपीच्या जॅकची पिन मी वेगळ्या जातीचीच लावतो. मग चुकीचा चार्जर लागायचा प्रश्नच उरत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये शहरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, मुसी नदीकाठच्या आणि नाल्यांलगतच्या वस्त्यांमध्ये कमरेएवढं पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर बॅटऱ्या यायला लागल्या. "सुखा के दे दो भाई, चल रही है." चालतही होत्या. पण पाण्यात बुडालेला पॅक पहिल्या आठवड्यात सहसा दगा देत नाही. उघडल्यावर निकेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर आणि बीएमएसच्या बारीक तारांच्या मुळाशी गंज दिसायचा. तो गंज पुढे महिनाभर आपलं काम करत राहतो. ज्यांचं घरदार चिखलात गेलं त्यांना बॅटरीही गेली म्हणून सांगणं जड होतं. तरी सांगितलं.

मग १२ सप्टेंबर २०२२ ची रात्र आली. सिकंदराबादेत इलेक्ट्रिक स्कूटरच्या एका शोरूमला आग लागली, धूर वरच्या मजल्यांवरच्या लॉजमध्ये चढला आणि आठ माणसं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निजामाबादला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले होते. दोन्ही बातम्या जवळच्या. सिकंदराबादच्या आगीच्या दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणारे प्रश्न बदलले. अपार्टमेंटच्या सोसायट्यांनी खाली पार्किंगमध्ये चार्जिंगला बंदी घातली, मग माणसं बॅटरी वर झोपायच्या खोलीत नेऊ लागली, जे त्याहून वाईट. मीही रात्रीचं चार्जिंग दुकानात बंद केलं, तपासणीचे पॅक लाकडी फळीवरून सिमेंटच्या कट्ट्यावर आणले, आणि दारातून बाहेर पडायच्या वाटेवर एकही पॅक ठेवायचा नाही असा नियम केला. घरच्यांसाठीही सल्ला तोच. जागे असताना चार्ज करा, दाराच्या वाटेत करू नका, गादी-सोफ्यावर ठेवू नका, आणि उन्हातून आणलेली बॅटरी अर्धा तास निवल्याशिवाय पिन लावू नका.

त्या आगींनंतर केंद्र सरकारनं दुचाकींच्या बॅटऱ्यांची एआयएस-१५६ ही कसोटी कडक केली आणि डिसेंबर २०२२ पासून ती टप्प्याटप्प्यानं लागू झाली. लोकांना वाटतं ती सायकललाही लागू आहे. पण ती मोटार वाहनांसाठी आहे, आणि पंचवीसच्या आतली आपली सायकल मोटार वाहनच नाही. ज्या सवलतीमुळे बाईंना लायसन्स लागत नाही, त्याच सवलतीमुळे त्यांच्या बॅटरीकडे आरटीओतलं कोणी ढुंकूनही बघत नाही. स्कूटरच्या बॅटरीमागे निदान एक कारखाना आणि एक कसोटी उभी असते. बदली म्हणून बांधलेल्या सायकलच्या पॅकमागे फक्त बांधणारा माणूस असतो. हे लक्षात आलं तेव्हा बाईंनी लिहून मागितलेल्या त्या बिलाची किंमत मला नव्यानं कळली. तोवर मी ते फक्त मागणाऱ्यांना देत होतो. मग सगळ्यांनाच द्यायला लागलो.

त्याचा धंद्यावर परिणाम झाला. लिहून द्यायचं म्हणजे सेल बिलानं घ्यावे लागतात, प्रत्येक पॅक भरून, पुन्हा पूर्ण रिकामा करून मोजावा लागतो; त्यात एक दिवस जातो. सेल अजून बहुतेक बाहेरून येतात. महबूबनगरजवळ दिवितिपल्लीला अमर राजाच्या सेल कारखान्याची पायाभरणी मे २०२३ मध्ये झाली आहे. इथला माल इथेच मिळायला लागला तर आमच्यासारख्यांचं काम सोपं होईल. तोवर माझा पॅक शेजारच्यापेक्षा महाग पडतो. भाव ऐकून "नक्को भाई" म्हणत उठणारे पुष्कळ असतात. त्यांना मी थांबवत नाही, फक्त वजनकाट्याची गोष्ट सांगतो.

जुन्या बॅटरीबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच काढतो. लेड-ॲसिडच्या सवयीनं लोकांना एक्स्चेंजचे पैसे हवे असतात. लिथियमचा पॅक भंगारवाला वजनावर घेत नाही, आणि घेतला तर त्यातले बरे दिसणारे सेल सोलून पुन्हा कुठे तरी नव्या सालीत जातात. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. माझ्याकडे जमलेले पॅक मी पूर्ण उतरवून, टोकं टेपनं बंद करून, नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडे पाठवतो. त्यात पैसे मिळत नाहीत. पण आज मी टाकलेला सेल उद्या 'वीस एएच'च्या लेबलाखाली माझ्याच काउंटरवर परत येऊ नये, एवढा स्वार्थ त्यात आहे.

आता कोणी फोनवरून विचारलं की बॅटरी कोणती घेऊ, तर मी कंपनीचं नाव सांगत नाही. विकणाऱ्याला तीन गोष्टी करायला सांगा म्हणतो. पॅक तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला, चढावर किंवा लोडवर चालवून मीटर दाखवायला, आणि सेलची कंपनी, संख्या, महिना आणि मोजलेली क्षमता बिलावर लिहायला. पहिल्या दोन गोष्टी बरेच जण करतात. तिसरीला हात थबकतात. ज्याला लिहून द्यायची तयारी नाही, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नका. माझ्याकडूनसुद्धा.